कंडक्टरबाईचं बाळंतपण

बसमध्ये चढलेला माणूस तिकीट कसं मागतो, यावरून तो घरी कसा वागत असेल हे सांगता येतं, असं कंडक्टरबाईचं ठाम मत होतं. कुणी तिच्या तोंडाकडे न बघता खिडकीलाच स्टॉपचं नाव सांगायचा. कुणी ‘ए बाई’ म्हणून हात नाचवायचा. कुणी दोन स्टॉप जास्त जाऊन वर तिलाच अक्कल शिकवायचा. इतक्या वर्षांत तिने एवढी माणसं जवळून पाहिली होती की एकूण माणूसजातीबद्दल तिला फारसा आदर उरला नव्हता. ती भांडायची नाही. नुसती बघायची. पण त्या नजरेने भलेभले फुकटे पुढच्या स्टॉपला मुकाट्याने उतरून जायचे.

अशी पारखी बाई नवऱ्याच्या बाबतीत मात्र साफ फसली. तो रोज तिच्याच बसने व्यायामशाळेत जायचा. तिथे तो लोकांना वजनं उचलायला शिकवत असे. बाही फाटेल असे दंड, दारात मावणार नाहीत असे खांदे, आणि एवढं असून तिकीट मागताना म्हणायचा, “एक द्या हो.” त्या एका ‘हो’वर ती भाळली. डेपोतल्या बायकांनी त्याचं नाव डंबेल ठेवलं होतं. लग्न ठरल्यावर त्या हसल्या, तर ही त्यांच्यावर रागावली. पुढे तिला त्या बायकांपुढे मान खाली घालावी लागली ती यामुळेच.

सासरी आल्यावर तिला कळलं की तो ‘हो’ फक्त बसपुरता होता. घरात डंबेल आणि त्याचे दोन धाकटे भाऊ, तिघेही एकाच साच्यातले. त्यांचं जग दंडापासून सुरू व्हायचं आणि छातीपाशी संपायचं. सकाळी आरशासमोर नंबर लागायचे. सासू पातेलंभर अंडी उकडायची आणि कंडक्टरबाई ड्युटीवरून सुजलेले पाय घेऊन आली की ती सोलायला बसायची. तिघे भाऊ पिवळा बलक बाजूला काढून पांढरं तेवढं खायचे, आणि तो बलक घरातल्या बायकांनी संपवायचा. सासू तिला नावाने हाक मारत नसे. ‘आमची कंडक्टरबाई’ म्हणायची, आणि त्यातल्या ‘आमची’ला काही अर्थ नसायचा. मुलाने सबंध गाव सोडून बसमधली बाई आणली, हे तिला अजून पचलं नव्हतं.

दिवस राहिले तेव्हा दवाखान्यात सांगितलं की रक्त कमी आहे, गोळ्या घे, दूध पी. गोळ्या ती घ्यायची. दूधही यायचं. पण संध्याकाळी ती घरी पोचेपर्यंत डंबेल त्यात आपली पावडर ढवळून ते पिऊन मोकळा झालेला असायचा. विचारलं तर म्हणायचा, उद्या जास्त आणू. तो उद्या नऊ महिन्यांत एकदाही उजाडला नाही. याबद्दल तिने कधी आवाज चढवला नाही. नवऱ्याला मनातल्या मनात ती पुढच्या दरवाजाने चढवायची आणि मागच्या दरवाजाने उतरवायची. असं रोज करता करता तिच्या मनातलं त्याचं वजन बरंच घटलं होतं.

कळा सुरू झाल्या तेव्हा तिला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. खाटांचा रंग उडालेला, पडद्याच्या निम्म्या कड्या तुटलेल्या, आणि प्रसूतीच्या खोलीत एक आडव्या अंगाची, पिकल्या केसांची सिस्टर. आवाज असा की घशात वाळू भरल्यासारखा. बायका तिला घोगरी सिस्टर म्हणत. कंडक्टरबाईच्या कळा लांबल्या, एक दिवस उलटून दुसरा उजाडला, आणि त्या सगळ्या वेळात या बाईने एक गोड शब्द काढला नाही. “ओरडण्यात जीव घालवू नकोस, तो जोर खाली लाव,” एवढंच पुन्हा पुन्हा. कंडक्टरबाईने तिची मनात नोंद केली: ‘ए बाई’ म्हणणाऱ्यांपैकी. घोगरीनेही बहुधा हिची काहीतरी नोंद केली असावी, कारण बाळ बाहेर आल्यावर ती म्हणाली, “मुलगी आहे. चांगली वजनदार आहे. आणि आईसारखीच कपाळाला आठी घालून आली आहे.”

डंबेल आत आला. त्याने मुलीला कोपरापासून मनगटापर्यंत आपल्या हातावर निजवलं, दंड फुगवला आणि भावाला फोटो काढायला लावला. पहिला फोटो हलला म्हणून दुसरा काढला. बायकोने पाणी मागितलं ते त्या दोन फोटोंच्या मधे. दिलं सासूने.

दुपारी तिला वॉर्डात हलवलं. मुलगी शेजारच्या पाळण्यात झोपली. तीन भाऊ बाहेरच्या बाकावर बसून डब्यातली अंडी खात होते. सासू पायाशी स्टुलावर बसली होती. कंडक्टरबाईला खालून गरम काहीतरी वाहतंय असं वाटलं. आधी तिला वाटलं, लघवीच झाली की काय. तिला लाज वाटली आणि लाजेपायी ती काही वेळ गप्प पडून राहिली. मग तिला जांभया येऊ लागल्या. एकामागून एक, आवरता येईनात. तहान लागली. सासूला तिने कसंबसं सांगितलं की खाली फार ओलं झालं आहे.

सासूने चादर उचलून पाहिली आणि परत पांघरली. “आतलं वाईट रक्त असतं ते,” ती म्हणाली. “जाऊ दे सगळं. अंग हलकं होतं.”

वॉर्डात टेबलापाशी एक तरुण सिस्टर होती. गोड हसायची, गोड बोलायची, सगळ्यांना ‘ताई’ म्हणायची. इथे आल्यापासून कंडक्टरबाईला तीच काय ती आवडली होती. तिने हाक मारली. गोड सिस्टर आली, लांबूनच चादरीवरून हात फिरवला, गालावर थोपटलं. “पहिल्या वेळेला सगळ्यांनाच भीती वाटते, ताई. थोडं जातंच. झोप काढा बघू.” आणि ती पुन्हा टेबलापाशी जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलत बसली.

कंडक्टरबाईला त्या क्षणी जे वाटलं ते भीतीपेक्षा वेगळं होतं. अंग गार पडत चाललं होतं, छताचा पंखा दूर दूर जात होता, आणि तिच्या मनात आलं ते एवढंच, की ही माणसं किती फालतू आहेत. एक गोड बोलते आणि बघत नाही. एक बघते आणि झाकून ठेवते. तिघे बाहेर अंडी खातायत. यांच्या हातून आपण मरायचं, याची तिला विलक्षण किळस आली. पुढे ती सांगायची की त्या किळसेनेच तिला शुद्धीवर ठेवलं. तिने हात लांब करून स्टीलचा पेला जमिनीवर ढकलून दिला.

त्या आवाजाने बाहेरून घोगरी आत आली. कुणी सांडलं म्हणून रागावतच आली असावी. पण खाटेपाशी आल्यावर तिने पेल्याकडे पाहिलं नाही, कंडक्टरबाईच्या तोंडाकडेही नाही. चादर सरळ पायापर्यंत ओढली. खालचा कपडा भिजून रक्त गादीत गेलं होतं. तिने एक हात पोटावर ठेवला आणि दाबला. बाळंतपणानंतर गर्भाची पिशवी आवळून चेंडूसारखी टणक व्हायला हवी. इथे हाताला नुसता मऊ, ढिला गोळा लागत होता.

“कधीपासून?” तिने विचारलं.

सासू म्हणाली, जरा वेळ झाला, वाईट रक्त आहे ना ते.

“चांगलंच आहे,” घोगरी म्हणाली. “हिचंच आहे. उठा तिथून.”

मग जे सुरू झालं ते कंडक्टरबाईला तुकड्यातुकड्यांत आठवतं. घोगरीचा पंजा तिच्या पोटावर गोल गोल चोळत होता, इतका जोराने की कळांपेक्षा ते जास्त दुखलं. पोट दाबलं की खालून गुठळ्या बाहेर पडत. चोळता चोळताच घोगरी हुकूम सोडत होती. डॉक्टरांना बोलवा, धावत म्हणावं. दोन्ही हातांना सुया लावा, मोठ्या लावा. पिशवी आवळायचं इंजेक्शन आणा. रक्तपेढीला फोन करा. गोड सिस्टरचा चेहरा आता गोड राहिला नव्हता, तिची सुई दोनदा चुकली. घोगरीने तिला रागावण्यातही वेळ घालवला नाही, “दुसरा हात बघ,” एवढंच म्हणाली. मूत्राशय भरलंय, ते पिशवीला आवळू देत नाही म्हणून नळी घातली. पाय उंच केले. ऑक्सिजन लावला. अंगावर दोन घोंगड्या टाकल्या. वॉर्डातल्या मावशीला सांगितलं, भिजलेला एकही कपडा फेकू नकोस, बादलीत ठेव, त्याचं वजन करायचं आहे, किती गेलं ते त्यावरून कळेल.

“डोळे मिटायचे नाहीत,” घोगरी तिला म्हणाली. “काम काय करतेस?”

“कंडक्टर.”

“मग रूट सांग. डेपोपासून.”

“डेपो,” कंडक्टरबाई म्हणाली. “दूध केंद्र. जुनं कोर्ट.” जीभ जड झाली होती. “मुलींची शाळा.”

“पुढे?”

“पाण्याची टाकी.”

“पुढे? मला घरी जायचंय, मधेच उतरवू नकोस.”

असं पाण्याच्या टाकीवरून लाकडाच्या वखारीपर्यंत ती गेली, तेवढ्यात डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्यांनी घोगरीला एकच प्रश्न विचारला, वार पूर्ण पडली होती का. घोगरी म्हणाली, मी स्वतः पाहिली, पूर्ण होती. कुठे फाटलंय का ते डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मग एक मूठ आत आणि एक हात पोटावर अशी ती ढिली पिशवी दोन्हींमध्ये दाबून धरली. आणखी औषध दिलं. रक्ताची पहिली पिशवी आली आणि लागली.

आता रक्तपेढीचा नियम असा होता की अडचणीला रक्त आधी द्यायचं, पण त्या बदल्यात नातेवाइकांनी दान करायचं, म्हणजे पुढच्या बाईला कमी पडत नाही. डॉक्टरीणबाईंनी सगळं हाती घेतल्यावर घोगरी हात धुऊन हे सांगायला बाहेर गेली. वॉर्डाचा दरवाजा उघडा होता, मधे फक्त तो अर्ध्या कड्यांचा पडदा. आणि डंबेलचा आवाज व्यायामशाळेतला, माइक न लागणारा. कंडक्टरबाईला शब्दन् शब्द ऐकू आला.

डंबेल म्हणाला की पुढच्या महिन्यात त्याची स्पर्धा आहे. सहा महिने तयारी केली आहे. आता रक्त दिलं तर अंगाची सगळी घडण उतरेल, मेहनतीवर पाणी पडेल. दुसऱ्या कुणाचं चालत नाही का? मधला भाऊ म्हणाला, त्याला मागच्या आठवड्यात कणकण होती. धाकटा म्हणाला, गाडी चुकीच्या जागी लावली आहे, ती हलवून येतो. तो गेला तो संध्याकाळपर्यंत आला नाही.

मग सासूचा आवाज आला. “माझं घ्या की.”

“तुमचं वय बसत नाही, आजी.”

“यांचं बसतं ना?” सासू म्हणाली. त्यावर तिच्या पोरांनी काय तोंड केलं ते कंडक्टरबाईला दिसलं नाही. पडद्याच्या फटीतून एवढंच दिसलं की म्हातारीने बाही कोपराच्या वर सरकवली आहे आणि तिचा सुरकुतलेला हात तसाच पुढे आहे.

घोगरी आत आली ती मावशीला म्हणाली, “सोबत तीन बैल आले आहेत आणि एक पिशवी रक्त निघत नाही.” मग तिच्या लक्षात आलं की कंडक्टरबाईचे डोळे उघडे आहेत. तिने सारवासारव केली नाही. फक्त खाटेची कड नीट केली आणि पुन्हा पोटावर हात ठेवला. आता तिथे काहीतरी टणक लागत होतं.

रक्त थांबलं. पण घोगरी थांबली नाही. थोड्या थोड्या वेळाने येऊन ती पोट दाबून जायची, कपडा बघायची, नाडी मोजायची, आणि प्रत्येक वेळी कंडक्टरबाई कळवळायची. “शिव्या दे, पण मनात,” असं ती म्हणायची. जरा हुशारी आल्यावर तिने मुलीला आणून छातीशी लावलं. दूध येत नव्हतं, मुलगी चिडत होती. घोगरी म्हणाली, येईल, एवढं रक्त गेलं की उशिरा येतं, पण पोरीला ओढू दे, तिने ओढलं की पिशवीही आवळते. दुसऱ्या दिवशी उठायला गेली तर डोळ्यांपुढे अंधारी आली. घोगरीने तिला काखेत धरून पुन्हा बसवलं आणि वर बोलली, तुझ्या बसमधून कुणी असं गाडी थांबायच्या आत उतरलं तर काय म्हणतेस त्याला?

घरी सोडताना तिने बजावून सांगितलं. रक्त पुन्हा वाढलं, घाण वास आला, ताप आला, छाती धडधडली, तर सरळ इथे यायचं. आणि कुणाला विचारत बसायचं नाही. हे म्हणताना तिने सासूकडे पाहिलं. सासू खाली बघत होती. कंडक्टरबाईला धन्यवाद म्हणायचे होते, पण ती सवयच नव्हती, दोघींनाही. ती एवढंच म्हणाली, सिस्टर, तुम्ही फार खडूस आहात. घोगरी म्हणाली, माहीत आहे.

बाळ बघायला घरी लोक येऊ लागले. अशक्तपणामुळे कंडक्टरबाई बहुतेक पडूनच असायची आणि बाहेरच्या खोलीत डंबेल दरबार भरवायचा. हकिगत त्याच्याकडून ऐकली तर असं वाटावं की ती मरत होती आणि यानेच तिला ओढून परत आणली. रक्ताचा पाट वाहत होता, त्याने डॉक्टरांना दम भरला, आणि शेवटी स्वतः आडवा झाला. दोन बाटल्या काढा म्हणालो, तो सांगायचा. आता तिच्या अंगात माझंच रक्त आहे. व्यायामशाळेतली पोरं माना डोलवायची. मधला आणि धाकटा भाऊ तिथेच बसलेले असायचे, आणि दरवेळी बाटल्यांत एखादीची भर पडायची तरी त्यांना हसू येत नसे.

कंडक्टरबाईने पहिल्या खेपेला ऐकलं, दुसऱ्या खेपेला ऐकलं. त्याच्यावर रागवावं एवढाही तो तिला मोठा वाटत नव्हता. पण एक दिवस डेपोतल्या तिच्या दोन मैत्रिणी आल्या, लग्नाच्या वेळी हसलेल्याच, आणि त्यांच्यापुढेही डंबेलने तेच सुरू केलं. तेव्हा ती उठली. भिंतीला धरून बाहेर आली आणि दारात उभी राहिली.

“रक्त दिलं की कार्ड मिळतं,” ती म्हणाली. आवाज बसमधला, सपाट. “कार्ड दाखवा.”

डंबेल हसला. म्हणाला, कार्ड कुठे सांभाळत बसणार, त्या गडबडीत.

“कार्ड दाखवा,” ती पुन्हा म्हणाली.

त्याने आईकडे पाहिलं. लहानपणापासून अडचणीत आला की तो तिकडेच बघायचा, आणि ती त्याला सोडवायची. सासू मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. तिने मान वर केली नाही.

“तू दिलं असतंस,” ती म्हणाली, “तर मला हात पुढे करावा लागला नसता.”

मैत्रिणींनी चहाचे कप खाली ठेवले. डंबेल उठून गेला. स्पर्धेत त्याचा कितवा नंबर आला हे घरात कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

पुढे सासू-सुनेत काही प्रेमाचा पूर वगैरे आला असं नाही. म्हातारी वाईट रक्ताचं आपलं म्हणणं सोडायला कधीच तयार झाली नाही, आणि कंडक्टरबाई तिला त्यावरून टोचायची संधी सोडायची नाही. पण म्हातारी रोज दूध तापवलं की आधी एक पेला भरून सुनेच्या उशाशी ठेवू लागली, आणि ती तो रिकामा करेपर्यंत तिथेच उभी राहायची. सुट्टी संपल्यावर कंडक्टरबाई कामावर रुजू झाली, तेव्हा मुलगी म्हातारीच्याच अंगाखांद्यावर वाढली. आता म्हातारी सुनेला नावाने हाक मारायची.

मुलगी चालायला लागली तसं डंबेलला दुसरं मूल हवंसं वाटू लागलं. मुलगा हवा, असं तो उघड म्हणाला नाही, पण भावांशी बोलताना त्याचा सूर तोच असायचा. कंडक्टरबाईने नाही म्हटलं नाही. दुसऱ्या वेळीही तसंच रक्त जाण्याचा धोका असतो, हे तिला दवाखान्यात सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही आधी एकदा रक्त देऊन या, ती म्हणाली, मग बघू.

त्याने बरेच दिवस हा विषय टाळला. मग एका सकाळी छाती काढून निघाला आणि जाताना सगळ्यांना सांगून गेला. दुपारच्या आत परत आला. हातावर कापसाचा बोळा नाही, पट्टी नाही. सासूने विचारलं, झालं का? तो बूट काढता काढता म्हणाला की तो तयारच होता, त्यांनीच नको म्हटलं. तपासलं तर हिमोग्लोबिन कमी भरलं म्हणे.

ते खरं होतं की थाप, हे कंडक्टरबाईने कधी शोधून काढलं नाही. ती ड्युटीला निघाली होती. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं, त्या दंडांकडे, त्या खांद्यांकडे, आणि तिला हसू आवरेना. जिना उतरेपर्यंत ती हसत होती. मुलगी एकटीच वाढली, आणि तिच्या आईला त्याची कधी खंत वाटली नाही.